फोन घराबाहेर गेल्यावर काय उरते? मुलांच्या ऑनलाइन साधनांची धाराशिवातून तपासणी

मुलांसाठी मराठीत ऑनलाइन काही मिळत नाही, ही तक्रार आता खरी राहिलेली नाही. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, ‘दीक्षा’वरील पाठ, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी, अरविंद गुप्ता यांची खेळणी आणि पुस्तके असे पुष्कळ साहित्य फुकट मिळते. विचारायचे ते एवढेच की, हे साहित्य तयार करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर घर कोणते होते?

धाराशिव जिल्ह्यातले घर आधी पाहू. बहुतेक घरांत स्मार्टफोन आलेला आहे, पण तो वडिलांच्या खिशात असतो. सकाळी तो रानात, मोंढ्यावर किंवा कामावर जातो आणि दिवे लागल्यावर परततो, तोही चार्जिंग संपलेला. कळंब, वाशी, भूम या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले एक तर फडावर जातात किंवा आजीजवळ गावात राहतात. गावात राहिलेल्या मुलाच्या घरातून आई-बापाबरोबर फोनही जातो.

ही अडचण आपल्याच जिल्ह्याची नाही. 2021 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. त्यातल्या 26.1 टक्के मुलांना मात्र तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. ‘घरी फोन आहे’ आणि ‘मुलाला फोन मिळतो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. म्हणून मी प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावतो: फोन घराबाहेर गेल्यावर मुलाच्या हातात काय उरते?

‘दीक्षा’ 2017 मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की त्या धड्याचे साहित्य उघडते. कल्पना चांगली आहे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या कामाचा वाटा मोठा होता. वर्गात शिक्षकाच्या हाती हे साधन उत्तम चालते. घरी मात्र पुस्तक मुलाजवळ राहते आणि चौकोनाची किल्ली बापाच्या खिशात जाते. शिवाय उघडते तेही बहुतेक धड्याचेच स्पष्टीकरण. शाळेबाहेरचे वाचन मुलाला त्यातून फारसे भेटत नाही.

करोनाकाळात जुलै 2020 मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. आमच्यासारख्या भागाची नाडी तिला अधिक नेमकी सापडली होती, असे माझे मत आहे. दूरदर्शन संच खिशात घालून कोणी रानात नेत नाही. त्यातले उपक्रमही घरातल्या, अंगणातल्या वस्तूंवर बेतलेले होते, त्यामुळे भाग संपल्यावर मुलाला करण्यासारखे काहीतरी उरत होते.

‘किशोर’ 1971 पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक ‘बालभारती’ने सर्वांसाठी खुले केले आहेत. मराठीतल्या नामवंत लेखकांनी आणि चित्रकारांनी मुलांसाठी केलेले काम एका ठिकाणी सापडावे, ही मोठीच गोष्ट. पण ती छापील पानांची छायाचित्रे आहेत. हातभर पडद्याच्या संगणकावर ती सुंदर दिसतात; वीतभर फोनवर दोन बोटांनी अक्षर मोठे करत, पान इकडेतिकडे सरकवत मूल दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच पोचते. संग्रहालय म्हणून पैकीच्या पैकी गुण द्यावेत असे हे काम मुलाच्या वाचनाच्या दृष्टीने अर्धे राहिले आहे. वयोगटाप्रमाणे निवडलेल्या, सहज छापता येणाऱ्या छोट्या पुस्तिका ‘बालभारती’ने यातूनच काढायला हव्यात.

छापण्याच्या बाबतीत ‘स्टोरीवीव्हर’ सगळ्यांच्या पुढे आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. त्या उतरवून घ्यायची, छापायची, भाषांतरित करायची मुभा परवान्यातच स्पष्ट दिलेली आहे. शाळेच्या प्रिंटरवर गोष्ट छापून मधोमध टाचली की पुस्तक तयार. दोष आहे तो भाषेत. कोणालाही भाषांतर करता येत असल्याने मराठीचा दर्जा वरखाली होतो. काही वाक्ये इंग्रजीच्या चालीने चालतात आणि आजीने मोठ्याने वाचायला घेतली की अडखळतात. मात्र याच मोकळीकीत आपली संधी आहे. नळदुर्ग परिसरातल्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते, उमरग्याकडे कानडी कानावर पडते. तिथल्या शिक्षकाला तीच गोष्ट मुलाच्या घरच्या बोलीत करून छापता येते.

माझ्या कसोटीला सर्वांत चांगले उतरते ते अरविंद गुप्ता यांचे काम. टेल्कोत अभियंता असताना 1978 मध्ये ते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी आकार आणि सांगाडे जोडायला शिकवले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकेही आहेत आणि खेळण्यांच्या कृतीही. एक कृती एकदा पाहिली की फोनचे काम संपते. खेळणे मोडले की मूल ते पुन्हा जोडते, पाहून शेजारचे मूल शिकते. नळी सायकलच्या दुकानात मिळते, काड्या चुलीपाशी.

चित्रकलेची बाजू सर्वांत लंगडी आहे. ऑनलाइन मिळते ते बहुतेक रंगवायचे ठरीव साचे आणि कार्टूनची नक्कल. आपल्या तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईला सापडलेली मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि खेळणीही आहेत. गोरोबाकाकांच्या गावची ही माती पाहून आपणही एक बैल घडवावा, असे मुलाला सुचवणारे एक पानसुद्धा मला या साधनांत दिसले नाही. जगाची चित्रे मुलाला मिळतात. तेरणाकाठची मिळत नाहीत.

‘मग ऑनलाइनचा नाद सोडा, पुस्तके द्या,’ असे कोणी म्हणेल. पण खेड्यात मुलांच्या पुस्तकांचे दुकान नाही, आणि वाचनालय असले तरी मुलांचे कपाट क्वचित असते. ज्या गावात पुस्तक पोचत नाही तिथे पुस्तकाची फाइल पोचते, हीच या साधनांची खरी ताकद आहे. फक्त तिला गावातल्या कोणीतरी कागदावर उतरवायला हवे. हे काम शाळेचे, ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचे आणि हंगामी वसतिगृह चालवणाऱ्यांचे आहे. घरात मोठे माणूस शेजारी बसेल, वायफाय असेल, फोन रिकामा असेल, हे गृहीत धरून आखलेली योजना आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात बंद पडते.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्यांचे ट्रॅक्टर निघू लागलेले असतील. गावात राहणाऱ्या आणि फडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत टाचलेल्या चार गोष्टी, एका खेळण्याची चित्रमय कृती, काही कोरे कागद आणि एक पेन्सिल एवढे घालता येईल. साहित्य फुकट आहे, छापायची मुभा आहे. खर्च कागदाचा आणि शाईचा.