भुकेची साक्ष : पंडिता रमाबाईंच्या दुष्काळलेखनातील श्रद्धा आणि सहभागिता

पंडिता रमाबाईंच्या आत्मपर लेखनाकडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून पाहिले. 1883 मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा हे या लेखनाचे केंद्र मानले, की आधीचे आयुष्य पूर्वपीठिका ठरते आणि नंतरचे फलश्रुती. ही मांडणी त्यांच्या चाहत्यांना जशी सोयीची वाटली, तशीच टीकाकारांनाही. परंतु 1897 मध्ये लिहिलेले दुष्काळाचे अनुभव आणि 1907 मधील आत्मसाक्ष ही दोन छोटेखानी इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर या लेखनाचा आस भुकेपाशी आहे असे जाणवते.

रमाबाईंनी दोन दुष्काळ पाहिले. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. पुराणकथनावर जगणारे हे कुटुंब उपासतापास, दानधर्म, तीर्थस्नान यांत काही उणे पडू देत नाही. भांडीकुंडी विकली जातात, पण मोलमजुरी करण्यास किंवा हात पसरण्यास कुळाचा अभिमान आड येतो. अखेर जलसमाधीचा विचार होतो, रानातला पाला खाऊन दिवस काढले जातात. देवांनी फसविले, असा या प्रसंगांचा अर्थ प्रौढ रमाबाई स्वतः लावतात. त्यांचे निवेदन मात्र त्यांच्या मीमांसेपेक्षा अधिक काही सांगून जाते. या कुटुंबाजवळ श्रद्धा भरपूर आहे. नाही ती मंडळी. ज्यांच्या पंक्तीला बसावे, ज्यांच्याबरोबर राबावे, असे कोणीही त्यांच्याभोवती नाही. त्यांची उपासमार ही एकटेपणाची उपासमार आहे.

याच भागात अंधत्व आलेले वडील धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवितात. ख्रिस्ती साक्षीच्या रूढ साच्यात हा प्रसंग अज्ञानाचा नमुना म्हणून यावयास हवा होता. रमाबाई तो तसा येऊ देत नाहीत. वडिलांचा निरोप त्यांना आयुष्यभर पुरतो. त्यातील देवाचा अर्थ बदलतो, निरोपाचे बंधन बदलत नाही. या लेखनातील सर्वांत खरे पान हेच म्हणावे लागेल.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या मुलखात, गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. येथील वर्णनांत त्यांची दृष्टी परक्याची नाही. भुकेल्या मुलीची लाज, अन्न देणाऱ्याविषयी तिला वाटणारा संशय, हे त्यांनी स्वतःच्या देहात अनुभवले होते. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा या मुलींना केडगावच्या शेतावर हलविण्यात आले आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. पहिल्या दुष्काळात जे नव्हते ते येथे घडते : एक चूल, वाटून घेतलेले श्रम, एकत्र प्रार्थना. ‘सहभागिता’ हा ख्रिस्ती मराठीतील शब्द उपासनेपुरता आक्रसलेला असतो. येथे त्याला धान्याचे वजन येते.

ही सहभागिता सत्तेशी संगनमत करणारी नव्हती. 1897 मध्येच प्लेगच्या रुग्णालयात आपल्या संस्थेतील एका मुलीची झालेली वाताहत आणि तेथील स्त्रियांची असुरक्षितता त्यांनी ‘बाँबे गार्डियन’मधून जाहीरपणे मांडली. गव्हर्नर सँडहर्स्टने तक्रार फेटाळली. सरकार ख्रिस्ती म्हणून गप्प बसण्याचा मोह त्यांना झाला नाही. त्याआधी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या पत्रव्यवहारातही आज्ञाधारकपणाच्या प्रश्नावर त्यांनी हाच ताठा दाखविला होता. धर्म एक म्हणून अन्याय झाकावा, ही कल्पना त्यांच्या मंडळीच्या व्याख्येत बसत नव्हती.

तथापि या लेखनाची मर्यादा झाकता येणार नाही. ही पुस्तके परदेशी वाचकांसाठी, बव्हंशी देणगीदारांसाठी होती. त्यामुळे सुटका झालेल्या मुली संख्येने येतात, क्वचित दृष्टांत म्हणून येतात; स्वतःच्या वाणीने जवळजवळ येतच नाहीत. भुकेने आणलेल्या मुलीचा होकार कितपत तिचा स्वतःचा असतो, हा प्रश्न रमाबाईंच्या विरोधकांनी दुष्टाव्याने विचारला, म्हणून तो खोटा ठरत नाही. दैन्याच्या काळातील धर्मदान शंकास्पद असते, हे ज्या बाईने तीर्थक्षेत्री पाहिले, तिने केडगावात तोच प्रश्न स्वतःला विचारलेला या पानांत दिसत नाही. तिची निश्चिती येथे तिच्या अनुभवाला मागे टाकते.

मुलींचा माग काढावयाचा तर तो अन्यत्र काढावा लागतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. ते साध्या बायकांना कळावे म्हणून मुद्दाम साध्या मराठीत होते, आणि त्याचे खिळे मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळविले होते.