शरदाचा पांढरा रंग

ऋतुवर्णन हा आपल्या साहित्यातील अत्यंत जुना, आणि म्हणूनच की काय, अत्यंत झिजलेला विषय आहे. शरदाविषयी मराठी ललित लेखनात जे वाचावयास मिळते त्यात दोन दोष आम्हांस वारंवार आढळतात. पहिला, शरद म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘ऑटम’ असे समजून ऐन आश्विनात पानगळीची उदासीनता उभी करावयाची. दुसरा, काशफुले, चांदणे व दहिवर एवढी सामग्री जुन्या काव्यांतून उचलून ऋतू साजरा झाला असे मानावयाचे. असले लेखन पारखावयाचे तर एखादे गाव समोर ठेवावे. आम्ही आदिलाबादेजवळचे मावला घेतो.

मावला तेथील तलावामुळे आसपास परिचित आहे. नागपूर-हैदराबाद राजमार्ग याच बाजूने जातो आणि उत्तरेस पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आदिलाबादचा मोठा भाग आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा हलली, पण या मुलखातील मराठी बोली काही नदीपलीकडे निघून गेली नाही.

येथे शरदात झाडे उघडी पडत नाहीत. पावसाळा सरताना तलाव भरलेला असतो, रान दाट असते. सागाची पाने या सुमारास कित्येकदा तपकिरी व जाळीदार दिसतात. ते किडीचे काम आहे, ऋतूचे नव्हे. सागाची खरी पानगळ पुढे, पळस फुलण्याच्या दिवसांत येते. इंग्रज कवी कीट्सने १८१९ साली आपल्या देशातील या ऋतूवर जी प्रसिद्ध कविता लिहिली तिच्यातही प्राधान्य आहे ते फळाफुलांच्या परिपक्वतेला. आमच्या अनुकरणकर्त्यांनी कीट्सही नीट वाचला नाही, असेच म्हणावे लागते.

दुसऱ्या दोषाचे मूळ अधिक आदरणीय ठिकाणी आहे. ‘ऋतुसंहारा’च्या तिसऱ्या सर्गात शरद नववधूच्या रूपाने येते; पिकलेली साळ हे तिचे लेणे. आमच्या गोमंतकीय व कोंकणी वाचकांस हे चित्र घरचेच वाटेल, कारण आश्विनात भाताची लोंबी तेथे खरोखरच लववते. परंतु मावल्याच्या काळ्या रानात शरदाचा पांढरा रंग काशाचा वा हंसाचा नसून कापसाचा आहे. आश्विन-कार्तिकात बोंडे फुटू लागतात आणि वेचणी सुरू होते. आता कवींच्या लाडक्या दहिवराचेच पाहा. काव्यात ते मोती ठरते. बाजारात ते ओलावा म्हणून मोजले जाते. कापसात ८ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की हमीभावात कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर भारतीय कापूस महामंडळ तो स्वीकारीत नाही. पहाटेच्या ज्या थेंबाने रसिक हरखतो त्याच थेंबाने शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब बिघडतो. दोन्ही अनुभव खरे आहेत. आमच्या ऋतुवाङ्मयाने त्यांतला एकच लिहून ठेवला.

या संदर्भात दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आठवल्याखेरीज राहत नाही. तेही १९५६ चेच. चैत्रापासून महिन्यामागून महिना घेत त्यांनी झाडे, फुले, आकाश यांना जी एकाग्रता दिली ती मराठीत त्यापूर्वी विरळाच होती. उसन्या उपमेपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हा त्या पुस्तकाचा धडा. खेद एवढाच की पुढील पुष्कळांनी दुर्गाबाईंचे डोळे घेण्याऐवजी त्यांची शब्दकळा घेतली. सृष्टी हीच त्या पुस्तकाची नायिका. तिच्यात राबणारा माणूस मागेच राहतो. लेखिकेच्या संकल्पाची ती मर्यादा आहे, दोष नव्हे. पण पन्नास-साठ वर्षे तीच मर्यादा पुढे चालवणे हा मात्र आमचा दोष.

मावल्याच्या परिसरात ही उणीव भरून काढण्याजोगे किती आहे! भाद्रपद अमावास्येपासून तेलुगू स्त्रिया बतुकम्मा मांडतात. तरवड आणि कुर्डू ही रानची फुले रचून, त्यांभोवती गाणी म्हणून, शेवटी ती पाण्यात सोडतात. त्याच दिवसांत मराठी घरी घट बसतात. दिवाळीपूर्वी राजगोंडांची दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. तीन समाज एकाच ऋतूला तीन परींनी सामोरे जातात, आणि तिघांच्याही मनात घरी येणारे पीक असते. आपल्या पूर्वजांनी शंभर शरद पाहण्याची प्रार्थना केली ती काही केवळ चांदण्यासाठी नव्हे. तापाचे, पुराचे, उपासाचे दिवस उलटून माणूस या ऋतूपर्यंत पोहोचला, हेच त्यांना मोठे वाटले असावे.

ते पोहोचणे ज्यात उमटेल असे शरदाचे पुस्तक मराठीस हवे आहे. ते कदाचित पुण्या-मुंबईहून येणार नाही. पैनगंगेच्या दक्षिणेस मराठीत विचार करणारा आणि तेलुगूत कापूस विकणारा एखादा तरुण ते लिहील; त्याने आमच्या ऋतुवर्णनांची नक्कल करू नये, एवढेच आमचे त्यास सांगणे आहे.