ऑक्सिजनचे दोन हात

भोपाळच्या शाहपुरा तलावाच्या काठावर उभे राहिले की रसायनशास्त्राच्या दोन उत्तम कृती एकाच नजरेत मावतात. समोर पाणी आणि शेजारी टेकडीचा तांबूस विंध्य वालुकाश्म. एक बोटांच्या फटीतून निसटते, दुसरा फोडायला घण लागतो. दोन्हींत मुख्य काम मात्र ऑक्सिजनच्याच अणूचे आहे, आणि दोन्हींत त्याने दोनच बंध जोडले आहेत. म्हणूनच या दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. बंधाचे सगळे मर्म त्यांच्यातल्या फरकात आहे.

गिल्बर्ट लुईस या अमेरिकी रसायनज्ञाने १९१६ साली बंधाची जी ओळख करून दिली, ती आजही तितकीच सुबक वाटते: दोन अणूंत सामाईक असलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. अष्टक पुरे व्हायला दोन कमी, म्हणून तो दोन ठिकाणी भागीदारी करतो. शाळेत आपण इथेच वही मिटतो. जाणत्याची नजर मात्र मागे राहिलेल्या चार इलेक्ट्रॉनांकडे जाते. बंधात न गुंतलेल्या या दोन एकाकी जोड्या. पाण्याचा सारा स्वभाव त्यांनी घडवला आहे.

पहिली खूण कोनात दिसते. बंधांतल्या दोन आणि एकाकी दोन, अशा चार जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहिल्या, तर त्यांच्यात १०९.५ अंशांचा कोन हवा. पण एकाकी जोड्या जरा जास्त जागा व्यापतात आणि दोन्ही हायड्रोजन किंचित जवळ ढकलले जातात. प्रत्यक्ष कोन भरतो १०४.५ अंश. हा पाच अंशांचा कल मला अतिशय देखणा वाटतो. जे चित्रात दिसत नाही त्याचा भार चित्राच्या रेषेवर पडला आहे.

आता वाटणी पाहू. बंधातली जोडी सामाईक असली, तरी मधोमध नसते. इलेक्ट्रॉन ओढण्याच्या ताकदीच्या, म्हणजे विद्युतऋणतेच्या, पॉलिंगच्या मापावर ऑक्सिजन ३.४४ आणि हायड्रोजन २.२०, त्यामुळे जोडी ऑक्सिजनकडे ओढली जाते. रेणू सरळ रेषेत असता तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना छेदून शून्य झाली असती. कार्बन डायऑक्साइडमध्ये नेमके तेच होते. पाण्याचा रेणू वाकलेला आहे, म्हणून त्याला एक ऋण टोक आणि एक धन बाजू मिळाली. (ही ओढ पार टोकाला गेली की मीठ. तिथे क्लोरीन सोडियमचा इलेक्ट्रॉन जवळजवळ घेऊनच टाकतो, आणि वाटणीऐवजी विरुद्ध प्रभारांचे आकर्षण उरते.)

मग वालुकाश्माकडे वळावे. त्याचे कण मुख्यतः क्वार्ट्झचे, म्हणजे आपल्या गारेचे. तांबूस छटा लोहाच्या ऑक्साइडची. इथेही ऑक्सिजनचे दोन हात आहेत, पण दोन्हीकडे सिलिकॉन, आणि कोन पसरून सुमारे १४४ अंशांचा झालेला. दगड कठीण आहे तर त्याचा बंध फार बळकट असणार, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे साधारण ४५० किलोज्यूल लागतात आणि पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला ४६०. पाणी दगडापेक्षा तसूभरही कच्चे नाही! फरक आहे तो बंध कुठे थांबतो याचा. हायड्रोजनला एकच हात, त्याच्यापाशी रेणू संपतो. सिलिकॉनला चार, प्रत्येक हात नव्या ऑक्सिजनला धरतो, तो पुढच्या सिलिकॉनला, आणि हे जाळे कणाच्या पृष्ठभागापर्यंत कुठेही तुटत नाही. गारेचा अख्खा कण एकच रेणू आहे म्हटले तरी चालेल. सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान गाठल्याशिवाय तो वितळत का नाही, हे त्यावरून कळते.

आणि कणाच्या कडेला काय होते? तिथे अर्धवट राहिलेले हात बहुधा हायड्रोजन धरून पुरे होतात. म्हणजे दगडाची कड रासायनिकदृष्ट्या पाण्यासारखीच असते. काठाचा दगड पाण्याने लगेच भिजतो, पाणी त्याच्यावरून थेंबाथेंबाने ओघळून जात नाही, याचे कारण ही कड. दोन कृतींची सांधणी अशी बेमालूम झाली आहे.

त्या सांध्याचे नाव हायड्रोजन बंध. एका रेणूचा धन हायड्रोजन शेजाऱ्याच्या एकाकी जोडीकडे झुकतो. बळ मोलमागे जेमतेम २० किलोज्यूल, आयुष्य सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतके. पण तुटलेला बंध लगेच दुसऱ्याशी जुळतो. या अखंड जुळवाजुळवीतून पृष्ठताण येतो आणि पाणनिवळी तलावावर न बुडता धावते. असे बंध फारसे न जुळणारा हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी १०० अंशांपर्यंत टिकून राहते.

भोपाळमध्ये एकाकी जोडीचे कौतुक करताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिथाइल आयसोसायनेटमधला कार्बन नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये दोन दुहेरी बंधांत अडकलेला, दोघांनीही इलेक्ट्रॉन ओढून घेतलेला. पाण्याची एकाकी जोडी थेट त्याच्यावर जाते, नवे बंध जुळतात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री शहराच्या उत्तरेला युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत साठवलेल्या याच रसायनात पाणी शिरले आणि नेमके हेच घडले. बंध जुळताना ऊर्जा सुटते, हे पाठ्यपुस्तकातले साधे वाक्य या शहराने हजारो जीव देऊन वाचले आहे.

एकाकी जोड्यांचा मागोवा घेणाऱ्यांत मराठी नावेही आहेत. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणूभोवतीच्या विद्युत विभवाची भूरचना मांडली. त्या नकाशात पाण्याच्या एकाकी जोड्या दोन स्पष्ट खळग्यांसारख्या दिसतात. पुढे मिलिंद देशमुख आणि गद्रे यांनी रेणूचे तुकडे बेतून एकेका हायड्रोजन बंधाची ऊर्जा वेगळी काढण्याची रीत बसवली. देशमुखांचे काम आता भोपाळच्या ईशान्येला, सागरच्या विद्यापीठात चालते. या रीतीने पाण्याच्या पुंजक्यांतले बंध मोजले की दिसते, ते एका मापाचे नसतात. ज्या रेणूने आपला हायड्रोजन एका शेजाऱ्याला दिला, त्याचा ऑक्सिजन दुसऱ्या शेजाऱ्याचा हायड्रोजन अधिक घट्ट धरतो. एका बाजूला झालेला बंध दुसऱ्या बाजूच्या बंधाला बळ देतो.