साक्षीची भाषा

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. त्यात त्याग मनावर ठसतो. पण पडद्यावरचे चिनीही हिंदुस्थानीच बोलतात. खरे कोटणीस मात्र चिनी शिकले होते. आमच्या मते परक्याला दुःखाच्या साक्षीचा हक्क याच कष्टाने मिळतो, आणि चित्रपटाने नेमका तोच गाळला. मावळात 2011 मध्ये बऊरच्या गोळीबारात तिघे गेले. अशा घरी समाचाराला जायचे, तर आम्हा उर्दूवाल्यांना तिथली मराठी आधी कान देऊन ऐकावी लागेल.