शील आणि नीती

दिवाळीचा फराळ होतो त्या घरात एक तक्रार बहुधा दरवर्षी ऐकू येते. सुनेने सासूबाईंकडून बेसनाच्या लाडवांचे प्रमाण लिहून घेतलेले असते, बेसन, तूप, साखर सारे मापाने घेतलेले असते, आणि तरीही लाडू काही सासूबाईंसारखा होत नाही. कागदावरचे प्रमाण खोटे नसते. ते अजून हातात उतरलेले नसते, एवढेच. समाजाविषयी बोलताना आपण नेमकी हीच गल्लत करतो. ‘या समाजाची नीतिमत्ता उच्च आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात प्रमाण असते की हात?

‘नीती’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आला. नीती वाट दाखविते. म्हणून ती सांगता येते, लिहिता येते, शाळेच्या भिंतीवर रंगविता येते. ‘शील’ या शब्दाचे तसे नाही. एकदा देणगी दिली म्हणून कोणी दानशील होत नाही, आणि एक अपमान गिळला म्हणून सहनशील ठरत नाही. हा भेद आपल्या व्याकरणकारांनी फार पूर्वी ओळखला होता. पाणिनीने काही प्रत्यय सांगताना तीन प्रकारचे कर्ते निराळे काढले आहेत: तच्छील, तद्धर्म आणि तत्साधुकारी. काशिकावृत्तीने त्यांचा उलगडा केला आहे. पहिला फळाकडे न पाहता स्वभावानेच ते कर्म करतो. दुसरा अंगी तसे शील नसतानाही, हा आपला धर्म म्हणून करतो. तिसरा ते चांगल्या रीतीने करतो. ग्रीकांकडेही सवयीचा शब्द आणि शीलाचा शब्द जवळजवळ एकच. नीतीचे गुण सवयीतून येतात हे सांगताना ॲरिस्टॉटलने त्या साम्याकडे बोट दाखविले आहे. इंग्रजीतील ‘ईथॉस’ आणि ‘एथिक्स’ हे शब्द त्याच कुळातले.

मराठीत मात्र या शब्दाचे दैव फिरले. ‘शील’ स्त्रीच्या देहापुरते उरले आणि ‘चारित्र्य’ पोलिसांच्या दाखल्यापुरते. घरात एक साधा, अचूक शब्द होता: वळण. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असते, लाडूही वळावाच लागतो. पण समाजाला वळण असते, हे म्हणावयाचे आपण विसरलो आणि सगळीकडे ‘नीतिमत्ता’ लिहू लागलो.

यातून दोन चुका होतात. पहिली, शब्द उच्चारले की शील आले असे मानण्याची. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्या करारात पाच तत्त्वे लिहिली गेली आणि त्यांना ‘पंचशील’ हे नाव मिळाले. ती तत्त्वे उत्तमच होती. पण ती कलमे होती, शील नव्हे. १९६२ च्या युद्धाने तो फरक दाखविला. दुसरी चूक अधिक क्रूर आहे: शील जन्मानेच येते असे मानण्याची. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. लोकांच्या बोलण्यातून मात्र तो अजून गेलेला नाही.

या दोन्ही चुकांना उत्तर आमच्या नागपुरात मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्षू चंद्रमणींकडून त्रिशरण आणि पंचशील घेतले, आणि मग स्वतः त्या अफाट जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. हेही पंचशीलच, पण यातील प्रत्येक शीलाला पाली परंपरेत ‘सिक्खापद’ म्हणतात. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. आज्ञा एकदा ऐकून संपते. पाऊल रोज टाकावे लागते. आणि ज्या लोकांनी ते घेतले त्यांना शिकण्याचा सराव होता. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले होते. ढोरे ओढणे सोडल्याने तुमचे उत्पन्न बुडते, असा हिशेब कोणी वृत्तपत्रातून मांडला, त्याचा समाचार त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात घेतला. पैशापेक्षा इज्जत मोठी, हा त्या उत्तराचा मथितार्थ होता. जातीवर लादलेले वळण माणसे बदलू शकतात, हे अनेक घरांनी प्रतिज्ञेच्या आधीच करून दाखविले होते. शब्द मागाहून आले, आणि म्हणूनच त्यांना वजन आले.

आता राहिला बाकीच्यांचा, म्हणजे आपला प्रश्न. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट केली. ही आपली नीती झाली. ती लिहिलेली आहे, आणि ती लिहिली गेली हे थोर काम झाले. पण खोली भाड्याने मागावयास आलेल्या मुलाला आपण प्रथम काय विचारतो? नोकरी, की आडनाव? त्या वेळी समोर घटना उघडलेली नसते, कोणी भाषण करीत नसते, उंबऱ्यावर आपण आणि तो मुलगा दोघेच असतो. समाजाचे शील त्या उंबऱ्यावर कळते.

नीती नको असे कोणी म्हणणार नाही. प्रमाण लिहून ठेवलेच पाहिजे, नाही तर पुढच्या पिढीने शिकावे कशावरून? पण प्रमाणाची वही पाहुण्यांपुढे ठेवून कोणी फराळ वाढीत नाही. यंदा घरी येणाऱ्याला ताट वाढताना त्याचे आडनाव मनात किती वेळ रेंगाळते, एवढे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे. ते रेंगाळेनासे होईल तेव्हा कलम सतरा हे आपले शील झाले असे खुशाल म्हणावे. तोवर ती नीती आहे. आणि नीती आहे एवढ्यावर कोणी समाधान मानू नये.