पडद्यांची कचेरी

जुन्या कारखान्याची कचेरी करावयाची म्हटली कीं, तींत कांचेचे कोंडवाडे उभारून मोकळें व्हावें, असा रचनाकारांचा प्रघातच पडला आहे. हॉलंडांतील टिलबर्ग येथें १९३२ सालीं बांधलेली एंजिनदुरुस्तीची शेड २०१९ च्या जानेवारींत 'लोकहाल' या नांवानें ग्रंथालय व सामायिक कचेरी म्हणून खुली झाली. तेथें मात्र मुख्य भिस्त कापडावर ठेविली आहे. पंधरा मीटर उंच दालनांत पेट्रा ब्लेस यांच्या संस्थेनें सहा अवाढव्य पडदे योजिले आहेत. ते ओढले कीं व्याख्यानाची जागा निराळी होते, आवरले कीं सारें पुन्हा एक. कापड विणणाऱ्या गांवीं भिंतीचें काम कापडानें करावें यांत औचित्यहि आहे. एंजिनांच्या जुन्या रुळांवरून सरकणारीं मोठालीं मेजें तर आम्हांस फारच मार्मिक वाटतात. इतिहासाचा फलक न लावतां तो कामास लावला आहे!

दोष नाहीं असें नव्हे. पडदा दृष्टि अडवितो, आवाज पुरता अडवीत नाहीं. शेजारीं मुलांचा किलबिलाट चालला असतां हिशेब तपासणाऱ्यानें काय करावें? तरी आमचें मत या रचनेच्याच बाजूस पडेल, कारण भाडें न भरणाराहि तेथें पुस्तक घेऊन बसूं शकतो. आमच्या लोअर परळांतील गिरण्यांच्या आवारांतहि कचेऱ्या थाटल्या आहेत. एखाददुसरें धुराडें शोभेस राखलें आहे. १९८२ च्या संपानंतर ज्यांची भाकरी गेली, त्यांच्या नातवास टेकावयास तेथें एक बांक तरी कोणी आंखला आहे काय?