मरणाची सोय नसलेला खेळ

मोक्षपट म्हणजे सापशिडीचा पूर्वज, एवढी ओळख बहुतेकांना असते. नगर जिल्ह्यात या ओळखीला आणखी एक पदर आहे. नेवाशाला खांबाशी बसून १२९० मध्ये ज्यांनी गीतेवरची टीका सांगितली, त्या ज्ञानेश्वरांनीच हा खेळ रचला, असं परंपरा मानते. परंपरेचा मान ठेवून एवढं सांगायला हवं, की आज हाती असलेले जुने पट बहुतांशी अठराव्या शतकापासूनचे आहेत आणि ते एका साच्याचेही नाहीत. जैनांचा पट ८४ घरांचा, सूफींचा शंभराच्या आसपास घरांचा, वैष्णवांचा ७२ घरांचा. हरीश जोहरी यांनी १९७५ मध्ये ‘लीला’ या नावाने इंग्रजीत उलगडून दाखवला तो हा ७२ घरांचा पट. त्याचाच आस्वाद इथे घ्यायचा आहे. सोंग घेऊन खेळायच्या भयाण खेळांमध्ये इतका काळोखा खेळ मला दुसरा माहीत नाही.

आजचे काळोखे खेळ कसे असतात ते आधी पाहू. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेकाने एकेक पात्र जगायचं, ही पद्धत १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून रुळली. तिच्या अंधाऱ्या शाखेतला गाजलेला खेळ म्हणजे स्वीडनचा ‘मोर्क बोर्ग’. तो २०२० मध्ये इंग्रजीत आला. त्याचं पुस्तक पिवळंजर्द. खेळणारा कुणी फरारी शिपाई, कुणी पाखंडी पुरोहित, कुणी गटारात वाढलेला भामटा. खेळातल्या प्रत्येक पहाटे फासा टाकायचा, एक पडला की जगावर एक अरिष्ट कोसळतं. सातवं अरिष्ट आलं की जग संपलं, सगळी पात्रं संपली, आणि आता पुस्तक जाळून टाका, अशी आज्ञाच त्यात छापलेली आहे. भयानक आणि बीभत्स या दोन्ही रसांची इथे चंगळ आहे. पण एक दिलासाही आहे: सारं एकदाचं संपतं.

मोक्षपटात हा दिलासा नाही. नऊ-नऊ घरांच्या आठ ओळी, दहा साप, दहा बाण. शिडीच्या जागी बाण. सहा पडल्याशिवाय जन्मच नाही, तोवर सोंगटी बाहेर ताटकळत राहते. जोहरींच्या पद्धतीत ही सोंगटीही आयती मिळत नाही. बोटातली अंगठी किंवा अंगावरची एखादी आपली वस्तू पटावर ठेवायची. अकोले तालुक्यातल्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, मुखवटा चढवला की माणूस रावण होतो, उतरवला की पुन्हा घरचा. इथे मुखवटाच नाही. जे सोंग घ्यायचं ते स्वतःचंच, म्हणून ते उतरवताही येत नाही.

आता पहिली ओळ नीट पाहा. उत्पत्ती, माया, क्रोध, लोभ, भूलोक, मोह, मद, मत्सर, काम. सहाही रिपू इथेच, पायथ्याशी, आणि त्यांतल्या एकाच्याही घरात सापाचं तोंड नाही. नुकता जन्मलेला जीव क्रोधावर थांबतो, लोभावर थांबतो आणि पुढे निघून जातो. त्याला कुणी गिळत नाही. गिळणारी घरं वरच्या ओळींत आहेत: ईर्ष्या, द्वेष, कुसंग, अधर्म, अविद्या, अहंकार. या सहा सापांच्या शेपट्या कुठे आल्या आहेत ते शोधावं. ईर्ष्येचा साप मत्सरावर उतरतो, द्वेषाचा लोभावर, कुसंगाचा मदावर, अधर्माचा मोहावर, अविद्येचा कामावर, आणि पंचावन्नाव्या घरातला अहंकार थेट तिसऱ्या घरातल्या क्रोधावर. सहा रिपू, सहा साप, प्रत्येकाला नेमका एक. कीर्तनकार सहसा रिपूंमुळे माणूस घसरतो असं सांगतात. पटकर्त्याने क्रम उलटा लावला आहे. घसरण दुसऱ्याच कशाने तरी होते, रिपू हे घसरून पोचायचं ठिकाण आहे. लहानपणीचा राग आणि साठीतला राग एकाच घरात राहतात, पण तिथे येण्याची वाट वेगळी. पटकर्त्याने हे एका शब्दाचंही भाष्य न करता, फक्त सापाच्या लांबीने सांगितलं आहे.

दुसरं सौंदर्य शेजाराचं. सोळाव्या घरात द्वेष, सतराव्यात दया. चोविसाव्यात कुसंग, पंचविसाव्यात सत्संग. सुधर्म अठ्ठाविसावा, अधर्म एकोणतिसावा. अविद्या आणि सुविद्या लागून, सुबुद्धी आणि दुर्बुद्धी लागून. फाशावरच्या एका ठिपक्याचं अंतर. कवितेतला विरोध अलंकार इथे घरांच्या मांडणीत उतरला आहे, आणि तो नुसता वाचायचा नसून सोसायचा आहे.

या शेजाराचा कळस सहाव्या ओळीत आहे. एक्कावन्नावं घर पृथ्वी. तिथे उभ्या असलेल्या सोंगटीला एक पडला तर हिंसा, आणि तिथला साप पस्तिसाव्या घरातल्या नरकात नेतो. तीन पडले तर भक्ती, तिचा बाण अडुसष्टाव्या वैकुंठात, म्हणजे डाव जिंकला. चार पडले तर अहंकार, आणि बावन्न घरं खाली क्रोध. पट नागमोडी चालतो, त्यामुळे अहंकाराचं घर भक्तीच्या बरोबर डोक्यावर आलं आहे. ही जागा खेळताना कळते तशी ऐकून कळत नाही. फासा मुठीत असतो, तिन्ही वाटा डोळ्यांपुढे उघड्या असतात, आणि निवडायचं मात्र काहीच हातात नसतं.

मग येते पटाची खरी काळी जागा. बाणांमध्ये सर्वांत लांब बाण दयेचा: सतरावरून एकोणसत्तर, ब्रह्मलोक. बावन्न घरांची झेप. पण डाव संपतो अडुसष्टवर! दयाळू जीव मुक्तीच्या एक घर पुढे जाऊन पडतो आणि मागे फिरायची सोय नाही. आता एक, दोन किंवा तीन पडले तरच सोंगटी हलते, आणि पुढे आहे सत्त्वगुण, मग रजोगुण, मग बहात्तरावा तमोगुण. पटाच्या सर्वांत उंच ओळीत, शेवटच्या घरात, शेवटचा साप. तो गिळून पुन्हा त्याच पृथ्वीवर आणून ठेवतो, एका बाजूला हिंसा आणि पलीकडे भक्ती-अहंकार असलेल्या त्या एक्कावन्नाव्या घरात. पुण्याने मिळालेली उंची हीच इथे वळसा ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा शंभरावं घर हाच शेवट झाला आणि मुक्कामापलीकडे दबा धरून बसलेला साप उरला नाही. पुढे घरांची नावंही गेली. पोरांचा खेळ झाला तो तिथे.

उणीव काढायचीच तर एक आहे. ‘मोर्क बोर्ग’मध्ये जग बुडत असलं तरी दार फोडायचं की पळायचं, हे खेळणारा ठरवतो. मोक्षपटात ठरवायला काहीच नाही, सगळी सत्ता फाशाकडे. नुसत्या आकड्यांवर खेळलं तर तासाभरात कंटाळा येतो. पण घराचं नाव मोठ्याने वाचावं, आपण इथे कसे आलो ते सोबत्यांना सांगावं, पुन्हा पुन्हा एकाच सापाच्या तोंडी का जातो याची चेष्टा होऊ द्यावी, मग हाच पट बोलू लागतो. कृती फाशाची, कबुली आपली. पात्र रंगवण्याचं काम इथे एवढंच, आणि ते सोपं नाही.

म्हणून माझ्या मते दोन्ही खेळांत जास्त काळोखा मोक्षपटच. तिकडे सातव्या अरिष्टाला सगळ्यांची सुटका ठरलेली. इकडे नरकसुद्धा मधल्याच ओळीतलं एक घर, तिथेही मुक्काम नाही. पुढचा फासा टाकावाच लागतो. तरीही हा खेळ निराश करत नाही, कारण साप कितीही खाली नेवो, पटाबाहेर तो कुणालाच काढत नाही. मरणाची सोय नाही, तशी कायमच्या हरण्याचीही नाही. भयानकातून शांताकडे नेणारी इतकी कडक रचना बहात्तर घरांत बसवणारा तो कुणी का असेना, मोठा कवी होता.